शेजारी कोण जागं होतं?

"डॉक्टर, मला काही होत नाही. हिनं फारच धरलं म्हणून आलो."

छातीच्या विकारांच्या ओपीडीत हे वाक्य मी गेली वीसेक वर्षं ऐकतो आहे. बोलणारा बहुधा पन्नाशीच्या आसपासचा, खुर्चीत अवघडून बसलेला. बायको शेजारी उभी असते. ती हळू आवाजात सांगू लागते, "हे घोरतात त्याचं काही नाही हो, त्याची सवय झालीय. पण मधेच आवाज बंद होतो. मी उठून बसते, छातीवर हात ठेवून बघते. मग एकदम हिसका बसल्यासारखा श्वास सुरू होतो." नवरा तिच्याकडे बघत राहतो. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात आणि हे तो पहिल्यांदाच ऐकत असतो.

पोट दुखलं, ताप आला, दम लागला, तर ज्याला होतं त्यालाच ते आधी कळतं. स्लीप ॲप्नियात तसं नाही. ज्याचा श्वास थांबतो तो त्या वेळी झोपेत असतो. सकाळी त्याला विचारलं तर तो मनापासून सांगतो, "झोप छान लागली." रोग त्याचा, पण रोगाची हकीकत दुसऱ्याच्या जवळ. गेल्या दीडशे वर्षांत या रोगाबद्दल जे काही कळलं, ते झोपलेल्या माणसाशेजारी कुणीतरी जागं राहिलं म्हणून कळलं. तो इतिहास आणि आज त्यातून उभं राहिलेलं शास्त्र मराठीत नीट मांडणारं पुस्तक हवं होतं. ते आता हाती आहे.

आपल्याकडे घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण मानतात. "कसा ढाराढूर झोपलाय बघ," असं आपण कौतुकानं म्हणतो. लग्नघरात, रेल्वेच्या डब्यात घोरणाऱ्याची चेष्टा होते आणि विषय तिथंच संपतो. प्रत्येक घोरणारा रोगी नसतो, हे खरंच. पण घोरणं म्हणजे अरुंद झालेल्या वाटेतून हवा ओढताना घशाच्या मऊ भागांना सुटलेली थरथर. वाट अरुंद का झाली, हा प्रश्न तो आवाज रोज रात्री विचारत असतो.

नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घसा ही एक मऊ नळी आहे. खालच्या श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, म्हणून ती मिटत नाही. घशाला तसा आधार नाही. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की हे स्नायू सैलावतात. उताणं झोपलं तर जीभ मागे सरकते, टाळू आणि पडजीभ खाली येते. ज्याची वाट मुळातच अरुंद आहे, त्याचा घसा श्वास आत ओढण्याच्या जोरानंच मिटतो. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभर. रक्तातला प्राणवायू उतरतो, कर्बवायू चढतो, छातीची ओढ वाढत जाते. अखेर मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात, घसा फटकन उघडतो आणि तो हिसका ऐकू येतो. झोपणाऱ्याला या जागेपणाची आठवण राहत नाही. तो परत झोपतो, घसा परत मिटतो. तीव्र आजारात हे रात्रीतून शेकडो वेळा होतं. दर वेळी रक्तदाब उसळतो, हृदयाची गती हेलकावे खाते. सात तास अंथरुणात काढलेला माणूस सकाळी उठतो तो थकूनच.

हा अडथळ्याचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच निघत नाही. छातीही हलत नाही. याला सेंट्रल स्लीप ॲप्निया म्हणतात. हृदय दुबळं झालेल्यांत तो दिसतो, आणि तिथं श्वास चढत चढत जातो, उतरत उतरत थांबतो, पुन्हा चढू लागतो. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये या लयीचं वर्णन केलं होतं. हा फरक केवळ पुस्तकी नाही. २०१५ साली एका मोठ्या चाचणीत असं दिसलं की हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्या आणि सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांना एका विशिष्ट प्रकारचं, श्वासागणिक दाब बदलणारं यंत्र दिलं तर हृदयविकारानं होणारे मृत्यू वाढतात. श्वास थांबतो एवढं कळून भागत नाही. तो का थांबतो, हेही कळावं लागतं.

या रोगाचं पहिलं गाजलेलं चित्र डॉक्टरानं काढलेलं नाही. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मधल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, घोरतो. डिकन्सना हा रोग आहे हे माहीत नव्हतं, त्यांनी फक्त नीट पाहिलं. १८७७ साली लंडनचे विल्यम ब्रॉडबेंट यांनी लिहून ठेवलं की उताणा पडून मोठ्यानं घोरणाऱ्या, विशेषतः वयस्क माणसाचा श्वास मधेच दोन-चार श्वासांइतका वेळ अडतो. छाती निष्फळ हलत राहते आणि मग मोठ्या आवाजानं हवा आत शिरते. आजच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल असं हे वर्णन आहे. पण ते एका वेगळ्याच विषयावरच्या लेखात होतं आणि तिथंच पडून राहिलं.

पुढची चूक मला फार शिकवणारी वाटते. १९५६ साली बॉस्टनचे सिडनी बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका अतिलठ्ठ व्यावसायिकाची हकीकत छापली. पत्त्यांच्या डावात हातात जिंकणारी पानं असताना या गृहस्थाला झोप लागली होती, आणि त्यानंतर तो रुग्णालयात दाखल झाला. डिकन्सच्या पात्रावरून लेखकांनी या विकाराला 'पिकविकियन सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कर्बवायू साठतो आणि त्याची गुंगी येते. त्यांनी रुग्णाचं रक्त तपासलं, फुप्फुसं तपासली, सगळं काळजीपूर्वक. पण झोपेतला श्वास काही त्यांनी मोजला नाही. रोग रात्रीचा आणि तपासणी दिवसाची.

तो श्वास मोजला मेंदूच्या अभ्यासकांनी. १९५३ मध्ये शिकागोत आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेचा शोध लावला, त्यानंतर रात्रभर मेंदूचे आलेख घेण्याची पद्धत पडली. १९६५ साली फ्रान्समधल्या मार्सेच्या आंरी गास्तो यांच्या गटानं आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या युंग व कूलो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पिकविकियन रुग्णांचा श्वास झोपेत नोंदला. श्वास पुन्हापुन्हा थांबत होता आणि त्यानं झोप तुटत होती. दिवसाच्या पेंगेचं कारण कर्बवायूची गुंगी नव्हती. त्या माणसाला रात्रभर झोपच मिळत नव्हती.

इथून या क्षेत्रात वेगवेगळी घराणी दिसू लागतात. इटलीतल्या बोलोन्याच्या एलिओ लुगारेसी यांनी झोपेत फुप्फुसांतला आणि शरीरातला रक्तदाब मोजला. श्वास थांबण्याबरोबर तो चढतो हे दाखवलं आणि घोरणं व रक्तदाब यांचं नातं शोधायला सान मारिनोच्या लोकांमध्ये पाहणी केली. अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डेमेंट यांनी १९७० मध्ये झोपेचं चिकित्सालय उभं केलं. तिथं आलेल्या क्रिस्तियान गियेमिनो यांनी सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' या नावानं रोगाची चौकट आखली: सात तासांच्या झोपेत किमान तीस वेळा, दर वेळी निदान दहा सेकंद श्वास थांबणं. ही मंडळी लठ्ठपणावर अडून बसली नाहीत. सडपातळ माणसांत, स्त्रियांत, मुलांतही हा रोग आहे हे त्यांनी दाखवलं.

पण रोग सापडला तरी इलाज भयंकर होता. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि तिथून श्वास घेऊ द्यायचा. त्यानं गुण यायचा, पण माणूस आयुष्यभर ती नळी बाळगायचा. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांच्याकडे १९८० मध्ये अशाच एका रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली होती आणि त्यानं ती नाकारली. सलिव्हन कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम करत होते. नाकावरच्या मास्कमधून थोड्या दाबानं हवा सोडली तर ती आतून घशाला टेकू देईल, असं त्यांना सुचलं. त्या रात्री तो माणूस मास्क लावून झोपला आणि श्वास अडला नाही. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव छापला. आज घरोघरी 'सीपॅप' म्हणून ओळखलं जाणारं यंत्र ते हेच. इलाज माणसाला सोसणारा झाला म्हणून निदानाला अर्थ आला, असं मी मानतो. त्याआधी निदान म्हणजे जवळजवळ शिक्षाच होती.

कान-नाक-घसातज्ज्ञांची वाट निराळी. जपानचे इकेमात्सु यांनी घोरण्यासाठी टाळूची शस्त्रक्रिया केली होती, आणि अमेरिकेत फुजिता यांनी १९८१ मध्ये ती ॲप्नियासाठी वापरली. सुरुवातीचा उत्साह पुढे ओसरला, कारण घसा नेमका कुठं मिटतो हे माणसागणिक बदलतं. दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी बसवतात, आणि सौम्य ते मध्यम आजारात ती चांगली उपयोगी पडते. अलीकडच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की घशाची रुंदी हे एकच कारण नाही. कुणाचे स्नायू झोपेत फारच सैल, कुणाचा मेंदू जरा खुट्ट झालं की जागा होणारा, कुणाचं श्वासाचं नियंत्रणच अतिउतावळं. मला ही दिशा सर्वांत आशेची वाटते. तरीही छातीचा डॉक्टर यंत्र सुचवतो, घशाचा शस्त्रक्रिया आणि दाताचा पट्टी, हे रुग्णाच्या वाट्याला आजही येतं. त्यानं गोंधळून जाऊ नये म्हणून तरी त्याला हा सारा नकाशा दिसायला हवा.

निदानाची मुख्य चाचणी पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला, पायांना तारा, नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. एवढ्या जंजाळात झोप कशी लागणार, असं प्रत्येक जण विचारतो. बहुतेकांना ती लागते. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर जागा असतो. म्हणजे घरी बायको करत होती तेच काम आता प्रशिक्षित माणूस आणि यंत्रं मिळून करतात. शेवटी एक आकडा निघतो: दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा लक्षणीय घटला. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घरच्या घरी करायची छोटी चाचणीही आता सर्रास होते आणि संशय दाट असेल तिथं ती पुरते. पण तिच्यातल्या बऱ्याच यंत्रांना माणूस खरोखर झोपला होता की नुसता पडून होता हे कळत नाही. त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. लक्षणं ठळक असताना घरचा अहवाल 'नॉर्मल' आला, तर त्यावर विसंबू नये.

या आकड्याचं आपल्यावर फार वजन पडलं आहे. 'घटला' म्हणजे किती घटला, त्यासाठी प्राणवायू ३ टक्के उतरायला हवा की ४, यावर एकाच माणसाचा आकडा बदलतो. दहा सेकंद थांबलेला श्वास आणि पन्नास सेकंद थांबलेला श्वास दोन्ही त्यात एकच मोजले जातात. १९९३ च्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत ३० ते ६० वयोगटातल्या २४ टक्के पुरुषांचा आणि ९ टक्के स्त्रियांचा आकडा पाचच्या वर निघाला, पण दिवसाची पेंगही धरली तर प्रमाण ४ आणि २ टक्क्यांवर आलं. मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत हेच प्रमाण १९.५ आणि ७.५ टक्के होतं. पहिल्या संख्येतले सगळे रोगी म्हणायचे का? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांना घेतलं होतं. त्यांत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग आणि मनःस्थिती मात्र सुधारली. ते लोक यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते, आणि फार पेंगणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. तेव्हा 'यंत्र लावा, हृदय वाचेल' असं सरसकट वचन देणं प्रामाणिकपणाचं नाही. आकडा हवाच, पण त्याच्या शेजारी माणसाची हकीकत हवी.

ती हकीकत विचारायची कशी, यातही आपलं काही आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांची १९९१ ची पेंगेची प्रश्नावली विचारते: दूरदर्शन बघताना, सभागृहात बसलेलं असताना, रहदारीत मोटार थांबली असताना डुलकी लागते का? मोटार नसलेल्या शेतकऱ्याला किंवा दिवसभर हातातलं काम न सुटणाऱ्या बाईला या प्रश्नांचं काय करायचं? मी विचारतो, कीर्तनात, एसटीत, जेवून ताटावरून उठण्याआधी पेंग येते का? शस्त्रक्रियेआधी वापरली जाणारी टोरोंटोची २००८ ची प्रश्नावली ३५ च्या वरचा बॉडी मास इंडेक्स धोक्याचा मानते. आपल्याकडे त्याच्या बऱ्याच खाली, सुटलेलं पोट आणि लहान जबडा एवढ्यावरच घसा मिटणारी माणसं रोज भेटतात.

काही खुणा तर भलत्याच दारात जातात. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणाऱ्याची साखर तपासली जाते, प्रोस्टेटची सोनोग्राफी होते. पण घसा मिटलेला असताना छातीत पडणाऱ्या ओढीनं हृदय ताणलं जातं आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं, हे कुणी सांगत नाही. तीन गोळ्यांनीही न उतरणारा रक्तदाब, सकाळची डोकेदुखी, कोरडं तोंड, चिडचिड. मुलांत तर पेंगेऐवजी उलटंच, चंचलपणा दिसतो. उघड्या तोंडानं, मान मागे टाकून झोपणारं, घामेजणारं, मोठं होऊनही अंथरूण ओलं करणारं मूल शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातं. मुलांत बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड हेच कारण असतं.

आणि बायका. त्यांच्या तक्रारी थकवा, झोप न लागणं, उदास वाटणं अशा असतात, आणि त्यावर बहुधा झोपेची किंवा मनाची गोळी मिळते. पाळी गेल्यानंतर हा रोग स्त्रियांत वाढतो हे माहीत असूनही. माझ्या ओपीडीत पुरुषांना बायका घेऊन येतात. स्त्रिया बहुतेक वेळा एकट्या येतात. "रात्री श्वास थांबतो का?" असं विचारलं की म्हणतात, "ह्यांना विचारायला हवं, पण हे झोपलेले असतात." तिच्या शेजारी कुणी जागं नसतं. विधवा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, मुलं परदेशी असलेले आईवडील यांचंही तेच. ज्यांना साक्षीदार नाही त्यांचं निदान कसं व्हावं, हा मला या क्षेत्रातला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. या पुस्तकानं तो मध्यभागी आणला, याचं मला विशेष वाटतं.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तरही थोडं तिथंच आहे: शेजारी कुणी जागं नसलं तरी आता यंत्रं पाहू लागली आहेत. कोविडच्या काळात ऑक्सिमीटर खेड्यापाड्यांत पोचला. मूळ कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्राणवायू थोडा जास्त दाखवू शकतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ॲप्नियाची शंका दर्शवणाऱ्या मनगटी घड्याळांना परवानगी दिली, आणि त्याच वर्षअखेर लठ्ठपणासोबतच्या मध्यम व तीव्र ॲप्नियासाठी तिर्झेपटाइड या औषधालाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणामुळे 'स्लीप ॲप्निया' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला. लोक आता विचारू लागले आहेत. घड्याळ शंका दाखवतं. निदान करत नाही, आणि घड्याळ गप्प राहिलं म्हणजे रोग नाही असंही नव्हे. ट्रक आणि बस चालवणाऱ्यांसाठी तर ही चौकशी तातडीची आहे. चाकामागे लागलेली डुलकी एकट्याचा जीव घेत नाही.

लेखकानं 'स्लीप ॲप्निया' हाच शब्द ठेवला, 'निद्राश्वसनरोध' असं काही घडवलं नाही, हे मला पटलं. रुग्णाच्या कागदावर जो शब्द लिहिलेला असतो तोच त्याला वाचता यायला हवा. बाकी भाषा मात्र घरातली आहे. हे पुस्तक वाचून कुणी स्वतःच यंत्र विकत आणून लावावं, असा त्याचा हेतू नाही. डॉक्टरकडे जाण्याआधी काय पाहायचं, फोनवर दोन मिनिटांचा आवाज कसा टिपायचा, अहवालातले आकडे कसे वाचायचे, कोणता प्रश्न विचारल्याशिवाय उठायचं नाही, एवढी तयारी ते करून देतं. जिथं तज्ज्ञांचं एकमत नाही तिथं तसं सांगण्याचा धीरही त्यात आहे.

सुरुवातीला जिचं बोलणं सांगितलं तशीच एक बाई यंत्र घेऊन गेल्यावर आठवड्यानं परत आली. नवरा ताजातवाना दिसत होता. तिचे डोळे तारवटलेले. मी काळजीनं विचारलं, तर म्हणाली, "पहिल्या रात्री आवाजच येईना. इतकी शांतता मी लग्नानंतर कधी ऐकली नव्हती. घाबरून रात्रभर उठून उठून छातीवर हात ठेवून बघत होते." आणि आता? "आता झोपते मधून मधून," ती म्हणाली. "सवय व्हायला वेळ लागेल."